शनिवारचा मुलींचा तास

२८ जून १९७१, सोमवार

नगरचं तीन दिवसांचं शिबिर आटोपून काल संध्याकाळी परत आले. सोनईपर्यंत एसटी, पुढचे दोन कोस गावच्या बैलगाडीतून. अंग आंबून गेलंय, तरी लिहायला बसलेय, कारण हातात कोरी वही आहे.

वही सोनईच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी दिली. जिल्ह्यातल्या आम्ही बावीस शिक्षिका होतो. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "मुलीला पाळी यायच्या आधी पाळी म्हणजे काय ते कळलं पाहिजे. आल्यावर सांगून काय उपयोग?" आम्ही बावीसजणी आपापल्या मांडीकडे बघत बसलो. चाळिशीकडे झुकलेल्या बायका आम्ही, पण भर सभेत तो शब्द ऐकून कान तापले. श्रीरामपूरची एक शिक्षिका तेवढी धीट. तिने विचारलं, "बाई, आम्हालाच कोणी सांगितलं नाही, आम्ही कुठून सांगायचं?" बाई म्हणाल्या, "म्हणूनच बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी रक्ताबद्दल सांगितलं. मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, आणि पाळी सुरू झाली की आणखी कमी होतं. पालेभाजी, मटकी, हुलगे, गूळ, तीळ खायला सांगायचं. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्याऐवजी लोखंडी कढईत भाजी करायची, वर लिंबू पिळायचं. गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतील. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाचवी ते सातवीच्या मुलींचा एक तास घ्यायचा आणि काय झालं ते वहीत टिपायचं. डॉक्टरीणबाईंना हवं तेवढं मी वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही माझी.

घरी आले तर आई पाणी घेऊन दारात. तांब्याबरोबर गुळाचा खडा. छत्तीस वर्षांची झाले, हेडमास्तरांनंतर शाळेत माझाच मान, तरी गूळ तोंडात टाकल्याशिवाय ही बाई मला घरात येऊ देत नाही आणि घराबाहेर जाऊ देत नाही. "काय शिकवलं नगरला?" म्हणाली. सांगितलं. तिचा चेहरा एकदम आवळला. "असलं शाळंत बोलत्यात व्हय, द्वारके?" एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. जुन्या वळणाची आहे, होईल तयार हळूहळू.

३ जुलै, शनिवार

पहिला तास. सतरा मुली. हेडमास्तर छगनराव मुलांना घेऊन मैदानात गेले. जाताना म्हणाले, "बाई, दार लावून घ्या. आणि फळ्यावर काही राहू देऊ नका."

मी शिबिरात मिळालेला तक्ता भिंतीला लावला. सतराही माना खाली. मग मीही मुलींकडे न बघता तक्त्याशीच बोलले, दहा मिनिटं, एका दमात. काही शंका, म्हणून विचारलं. कोणी हलेना. शेवटी सातवीतली मनकर्णा उभी राहिली. कारभारी नावाच्या बागाईतदाराची ही थोरली मुलगी, वर्गात पहिली. म्हणाली, "बाई, हे परीक्षेला हाय का?"

नाही म्हटलं. मुलींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दप्तरं उचलली.

४ जुलै, रविवार

रात्रभर अक्का आठवत होती. लंका तिचं नाव, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पाथर्डीकडच्या आमच्या गावात तिला 'कावळा शिवला' की आई तिला पडवीत वेगळी बसवायची. मी नऊ वर्षांची. मला वाटायचं, खरोखरचा कावळा येतो आणि माझ्या अक्काला चोच मारतो. मी ओच्यात खडे भरून पडवीसमोर पहारा करायचे. एकही कावळा म्हणून मी टिकू दिला नाही. तरी पुढच्या महिन्यात अक्का पुन्हा पडवीत! मी रडले होते. वाटलं, माझी पाठ वळली तेव्हाच आला असेल मेला.

अक्का हसून हसून लोळली, पण खरं काय ते तिनेही सांगितलं नाही. तिला तरी कुठे माहीत होतं.

ते तीन दिवस मात्र आमचे असायचे. अक्काला दळण नाही, पाणी नाही, शेणगोठा नाही. हातभर लांब बसून मी तिच्याकडून गोष्टी ऐकायचे. तिचा आवाज बारीक, मधूनमधून थांबायची, दम घ्यायची, मग पुन्हा पुढे. मला ते थांबणंही आवडायचं. गोष्टीत आता काहीतरी मोठं होणार असं वाटायचं.

१७ जुलै, शनिवार

मागचा तासही फुकट गेला होता. आज मात्र गंमत झाली. लोखंडी कढईतली भाजी प्रत्यक्ष दाखवावी म्हणून शाळेमागच्या शेवग्याच्या दोन फांद्या तोडून आणल्या आणि पाला खुडायला मुलींना गोल बसवलं. तक्ता गुंडाळून ठेवला होता. पाच मिनिटं गेली नाहीत तोच कुजबुज सुरू. हात कामात आणि नजर पाल्यात, मग जीभ सुटली.

"बाई, माझी बहीण म्हनती, त्या दिसात लोणच्याला हात लावला तर नासतंय."

"तू लावून बघितलास का?"

"व्हय. चोरून लावला. न्हाई नासलं."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग एकीने सांगितलं की तिच्या घरी कापडं गोठ्यात, वैरणीच्या मागे वाळत घालतात, तिथे किडे असतात. मी म्हटलं, उन्हात घालायची, ऊन सगळं मारतं. "लोकं बघतील की!" मग सगळ्यांनी मिळून युक्ती काढली, दोरीवर कापड घालायचं आणि वर जुनं पातळ लुगडं पसरायचं. ऊन आत जातं, नजर जात नाही. नगरच्या शिबिरात हे कोणी सांगितलं नव्हतं.

पाला खुडताना मला हरभऱ्याचं शेत आठवलं. अक्का आणि मी ओटीत हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायचो, बोटं आंबट व्हायची. ती आंबट बोटं चोखत घरी यायचो. घरी आल्यावर भाजी आधी वडिलांना, मग चुलत्यांना, मग गड्यांना. आमच्या वाट्याला कढईला लागलेलं कोरड्यास आणि भाकरी. पण कढई पुसून खाण्यात काय मजा होती!

७ ऑगस्ट, शनिवार

शाळेतला खडू पुरत नाही म्हणून छगनराव कुरकुरत होते. आज चोर सापडला. मधल्या सुट्टीत वर्गात गेले तर मनकर्णा फळ्याखाली बसून खडू खात होती. ओठ पांढरे. मला बघून थिजली.

रागवायला हवं होतं, पण मला हसूच आलं. आमची अक्का अशीच. पावसाचे चार थेंब भिंतीवर पडले की वास घ्यायची आणि पांढऱ्या मातीचा खडा फोडून तोंडात टाकायची. मलाही द्यायची. "कोनाला सांगू नगं हां." ओसरीमागच्या भिंतीला आम्ही दोघींनी एवढा मोठा कोनाडा पाडला होता. ती माती जिभेवर विरघळते तशी खाऊची गोळीही विरघळत नाही.

मनकर्णेला म्हटलं, "खा, पण छगनरावांसमोर नको." बिचारी हसली. हसताना किती गोड दिसते. रंग मुळात सावळा, पण हल्ली उजळलाय. वयात येताना मुली उजळतातच. अक्कासुद्धा लग्नाच्या वर्षी अशी काही गोरीपान दिसू लागली की बायका आईला म्हणायच्या, गोजरे, पोरगी मडमेवानी दिसायलीय. नखं तर शंखासारखी पांढरी.

४ सप्टेंबर, शनिवार

आज तासाला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. एकेका मुलीला उजेडात उभं करून डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. सतरातल्या बारा मुलींची पापणी आतून फिकी. मनकर्णेची बघितली आणि मला जवळ बोलावलं. "बघा." आत लाली म्हणून नव्हती. ताकात धुतल्यासारखी पांढरी.

बाईंनी तिचं बोट हातात घेतलं. नखं पांढरी. जिन्याच्या दोन पायऱ्या चढउतार करायला लावल्या, तिला धाप लागली. मग बाईंनी सहज विचारलं, "बाळ, माती खातेस का? खडू, पेन्सिल?" मनकर्णेने माझ्याकडे बघितलं.

"अंगात रक्त नसलं की असं खावंसं वाटतं," बाई मला म्हणाल्या. "गोरी दिसायला लागली म्हणून घरचे खूश असतात. ही गोरी नाही. ही रिकामी होत चाललीय."

मी बाईंना चहा दिला, गाडीपर्यंत पोचवलं, मुलींना गोळ्या वाटल्या. मग वर्गात एकटी बसून राहिले.

अक्का सोळाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेली. मी बारा वर्षांची होते. मला सांगितलं होतं, तिला दृष्ट लागली.

५ सप्टेंबर, रविवार

आज काही लिहिणार नव्हते.

आईला विचारलं, "अक्का माती खायची, तुला माहीत होतं?" ती धान्य पाखडत होती. सूप थांबलं. म्हणाली, "भिंतीला एवढं मोठं भगदाड पडलेलं मला दिसलं नसंल व्हय?" आणि पुन्हा पाखडू लागली. मला तिचा राग आला. एवढ्या वर्षांनी तरी मोकळं बोलावं माणसाने.

९ ऑक्टोबर, शनिवार

मनकर्णा महिनाभर गोळ्या घेतेय असं मला सांगते. खडू मात्र मोजून ठेवते मी आता.

आज तास संपल्यावर ती मागे रेंगाळली. माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "बाई, ते आलं."

घाबरली नव्हती. रडली नव्हती. "मला ठावं हुतं काय करायचं. मी कापड घेतलं आन् गुमान बसले." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला माझे दिवस आठवले, गोठ्यात लपून बसले होते, वाटलं होतं पोटात काहीतरी फुटलं, आता मरणार. या मुलीला तसं वाटलं नाही. माझ्या नोकरीतला इतका चांगला दिवस दुसरा आठवत नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. मनकर्णा शाळेत नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

आठवडा झाला, म्हणून तिच्या घरी गेले. कारभारी मळ्यात होता. त्याची आई बनुबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. बसा म्हणाली नाही.

"पोरीला शाळंत धाडायची न्हाई आता. शानी झाली ती. माघात लगीन हाय."

"आजी, तिला एकदा भेटू तरी द्या."

"तुमीच भरवलं ना तिच्या डोस्क्यात? म्हनून तर लवकर आलं! आमच्या वेळंला असलं कोन बोलत नव्हतं, तर सोळाव्या वर्साला यायचं."

उठले. विहिरीपाशी मनकर्णेची आई मालनबाई कपडे धूत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, दुसऱ्या खेपेला आलंय ते पंधरा दिस झालं, थांबंना. पोरगी भितीला धरून चालती. सासूबाई म्हनत्यात बाहेरचं हाय, देवऋषी करतोय. दवाखान्यात न्हेलं आन् कळलं तर सोयरीक मोडंल म्हनत्यात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मला कोन इचारतंय, बाई."

आज तासाला चारच मुली आल्या. बनुबाईचं बोलणं गावभर झालंय, बाईंनी तक्ता दाखवला की पोरी लवकर न्हातात. छगनराव म्हणाले, तास काही दिवस बंद ठेवू. मला वाटलं, ठेवावा. खरंच सांगते, वाटलं. मी कोण मोठी लागून गेले? ज्या मुलीला मी सगळ्यात जास्त शिकवलं, तीच आज भिंत धरून चालतेय. तिला खडू खा म्हणून मीच सांगितलं होतं, हे कोणाला माहीत नाही.

आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

शाळेतून आले तर आई लुगडं बदलून दारात उभी. "चल, कारभारीच्या घरला." मी म्हटलं, तू कशाला? "चल म्हनते ना."

बनुबाई आम्हाला बघून तोंड फिरवून बसली. आई तिच्या शेजारी सरळ खाली बसली. कारभारी बैलांना पाणी दाखवून नुकताच आला होता, खांबाला टेकून उभा राहिला.

"बनुबाई, मला दोन पोरी हुत्या," आई म्हणाली. "ही धाकली. थोरली लंका. गोरी म्हनून मी गावभर मिरवायचे तिला. ती गोरी नव्हती, बाई. तिच्या अंगात रगतच नव्हतं. ती माती खायची, मी बघायचे. बघून गप ऱ्हायचे. म्हनायचे, पोरीची जात, खाती तर खाऊ दे, भाकरी तरी कमी लागती."

बनुबाईने पदर पुढे ओढला.

"तेराव्या वर्साला दिली. पैली खेप ऱ्हायली तवा तिनं सासरवरनं निरोप धाडला. आई, मला न्ह्यायला ये, मला दम लागतोय, घागर उचलत न्हाई. बाजरी खळ्यात आलती. मी म्हनले, सुगी उरकू दे, मंग जाऊ. सुगी उरकली. गाडी जुपली. गाडी येशीपातूर गेली न्हाई तर तिकडनं मानूस आला."

त्या वर्षीचं खळं! माझ्या सगळ्या लहानपणातलं ते खळं मला सगळ्यात लख्ख आठवतं. बाजरीची रास, भाजलेली कणसं, वडिलांनी मला राशीवर बसवलं होतं. अक्का नव्हती तेवढीच काय ती चुटपुट. त्याच दिवसांत तो निरोप आमच्या घरी येऊन पडला होता.

"ही वाचली ती मी हट्ट धरला म्हनून," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "हिच्या बापाला म्हनले, हिला इतक्यात द्यायची न्हाई, साळंत घालायची. आन् रोज गूळ चारते हिला. येडी म्हनती मला ही. म्हनू दे. लंकाला न्हाई चारला."

आतल्या खोलीत मनकर्णा खोकली.

बनुबाई पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरत होती. मग म्हणाली, "मालन, पोरीला वाकळंत गुंडाळ." आणि मुलाकडे बघून ओरडली, "उभा काय ऱ्हायलास खांबावानी? गाडी जुप!"

१८ नोव्हेंबर, गुरुवार

परवा सोनईला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि लगेच जीपमधून नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मीही गेले. नगरला रस्त्याने लष्कराच्या गाड्याच गाड्या, आमची जीप बाजूला थांबवून ठेवावी लागली. मनकर्णेचं डोकं मालनबाईच्या मांडीवर. तिचा हात माझ्या हातात होता, थंड आणि हलका.

रक्त तपासलं. असायला हवं बारा, निघालं पाच. रक्त द्यावं लागेल म्हणाले. बापाचं जुळलं. कारभारी एवढा उंचापुरा गडी, नांगर खांद्यावर टाकून चालणारा, पण बाटली बघून त्याला दरदरून घाम फुटला. "येवढं रगत काढल्यावर मानूस ऱ्हातं का, बाई?"

मालनबाई, जिचा आवाज मी विहिरीपाशी एकदाच ऐकला होता, ती खाली बघतच म्हणाली, "पोरीचं ईस दिस चाललंय. माझं ईस वर्सं. म्हातारीचं किती वर्सं गेलं देव जाणं. आमी ऱ्हातोच की."

कारभारीने बायकोकडे बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच बघितलं. मग बाही वर केली.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आले. आईला विचारलं, "मला आजवर का नाही सांगितलंस?"

"तू बारकी हुतीस."

"आता बारकी आहे का?"

ती भाकरी थापत होती. "तुला ती खळ्याची सुगी लई आवडायची. सारखी सांगायचीस. म्हनलं, ऱ्हाऊ दे हिला तेवढं तरी."

मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आमचे वडील पुढारलेले होते, म्हणून मी शिकले. आई तिथेच बसून ऐकायची. कधी मोडता घातला नाही.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई सुरू झाली. छगनराव रेडिओ शाळेत घेऊन आले होते.

तासाला अकरा मुली. मनकर्णा घरी आलीय, अजून हिंडायचं नाही. बनुबाईने तिच्यासाठी माळ्यावरची जुनी लोखंडी कढई काढून चिंचेने घासलीय, असं मालनबाई म्हणाली. गोळ्या म्हातारी स्वतःच्या कनवटीला बांधून ठेवते आणि रोज स्वतःच्या हाताने देते. माझ्याशी मात्र अजून बोलत नाही. न का बोलेना.

२९ डिसेंबर, बुधवार

कारभारी शाळेत आला होता. दाराबाहेरच उभा राहिला. "बाई, पाव्हण्यांना सांगून टाकलं. माघात न्हाई जमायचं. पोरगी सातवी काढील, मंग बघू."

"आणि ते ऐकले?"

"एक घर मोडलं तर मोडलं. दुसरी घरं हायेत." मग म्हणाला, "रगत दिलं आपन. आता ती अर्धी तरी माझ्या इचारानं चालंल."

मला हसू आलं. तोही हसला, पण टोपी काढून डोकं खाजवत.

मी जिंकले असं मला वाटत नाही. सातवी म्हणजे एप्रिल. पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी येईल, पुन्हा माघ येईल. पण तोपर्यंत पापणीत लाली आलेली असेल.

२२ जानेवारी १९७२, शनिवार

संक्रांत होऊन गेली. तासाला आज एकोणीस मुली, त्यात मनकर्णा. तीळगूळ वाटायचं उरकलं आणि मी तक्ता लावते आहे तोच दार उघडलं. आई. अंगावर ठेवणीतलं लुगडं. छगनरावांनी मैदानातून बघितलं असणार, पण अडवलं नाही. कोण अडवणार तिला!

ती मुलींच्या रांगेत शेवटी, पोत्यावर मांडी घालून बसली. मुली हसू दाबत होत्या. मी शिकवायला सुरुवात केली. पोटात पिशवी असते, दर महिन्याला तिथे रक्ताचं अस्तर तयार होतं, बाळ राहिलं नाही की ते बाहेर पडतं. त्यात घाण काही नाही, पाप काही नाही. आईसमोर हे बोलताना सुरुवातीला मी पुन्हा तक्त्याकडेच बघत होते. मग मुलींकडे वळले.

संपल्यावर नेहमीप्रमाणे म्हटलं, "काही विचारायचंय?"

आईने हात वर केला. शाळेत कधी न गेलेल्या बाईला हात वर करायचं कुणी शिकवलं कोण जाणे, पुढच्या मुलींना बघून केला असेल.

"बाई," ती मला म्हणाली. मला, बाई म्हणून. "येक सांगा. या गोळ्या, ही भाजी, ह्ये समदं तवा आमाला ठावं आसतं, तर माझी लंका वाचली आसती का?"

एकोणीस मुली माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणता आलं असतं. सांगता येत नाही, असंही म्हणता आलं असतं. डॉक्टरीणबाई असत्या तर त्यांनी काहीतरी मऊ सांगितलं असतं. पण समोर मनकर्णा बसली होती, तिचे डोळे माझ्यावर होते, आणि खोटं सांगण्यासाठी मी हा तास सुरू केला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक वाचली असती."

आईने मान हलवली. हळूच, एकदा. पदराने तोंड पुसलं आणि पोत्यावर नीट सावरून बसली.

"बरं," म्हणाली. "मंग पुन्यांदा सांग. नीट शिकव पोरींना, घाई करू नगं."

मी तक्त्यासमोर पुन्हा उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. तास संपायची वेळ होऊन गेली होती, पण उठून कोणी गेलं नाही.